झीरो अवर : युद्धखेळाची पुरवणी



परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी मागतो. ती मुख्य उत्तरपत्रिकेला बांधली तरच तिला अर्थ असतो. नुसती पुरवणी कोणी तपासत नाही. संगणकाच्या खेळांनाही अशी पुरवणी असते. तिला 'एक्सपान्शन पॅक' म्हणतात. आज आपण 'कमांड अँड कॉन्कर : जनरल्स' या खेळाची 'झीरो अवर' ही पुरवणी समजून घेऊया.

मूळ खेळ कसा आहे?

'जनरल्स' हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने फेब्रुवारी 2003 मध्ये आणला. हा 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' प्रकारातला खेळ. म्हणजे काय? बुद्धिबळात एकाची चाल झाली की दुसऱ्याची. इथे तशी पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात, तरी समोरचा तळ बांधतच असतो. पैसा मिळवा, इमारती उभ्या करा, सैन्य तयार करा आणि लढा, हे सगळं एकाच वेळी चालतं.

खेळात तीन पक्ष आहेत: अमेरिका, चीन आणि 'जीएलए' ही काल्पनिक दहशतवादी संघटना. तिघांची घडण वेगळी. साधं रसद आणण्याचं काम घ्या. अमेरिकेची रसद चिनूक हेलिकॉप्टर आणतं, चीनची ट्रक आणतो, तर जीएलएचा कामगार ती पायी वाहून आणतो. अमेरिका आणि चीनला तळ चालवायला वीज लागते. जीएलएला ती लागतच नाही.

पुरवणीत नवीन काय आलं?

सप्टेंबर 2003 मध्ये 'झीरो अवर' आली. सैनिकी भाषेत मोहीम सुरू होण्याची ठरलेली वेळ म्हणजे 'झीरो अवर'. (आपल्या संसदेतला शून्य प्रहर वेगळा बरं का!) ही पुरवणी चालवायला मूळ खेळ संगणकावर असावाच लागायचा.

तिन्ही पक्षांसाठी पाच-पाच नव्या मोहिमा आल्या, नवी वाहनं आणि इमारती आल्या. पण खरी भर होती नऊ सेनापतींची. प्रत्येक पक्षाला तीन. मूळ तीन पक्ष धरले तर निवडीला एकूण बारा पर्याय झाले. आता गंमत बघा. प्रत्येक सेनापतीला काहीतरी जास्त दिलं आणि त्याच वेळी काहीतरी काढूनही घेतलं.

• अमेरिकेचा ग्रेंजर विमानांचा तज्ज्ञ, पण त्याला रणगाडे नाहीत.
• चीनचा क्वाई रणगाड्यांचा तज्ज्ञ, पण लांब पल्ल्याच्या तोफा त्याच्याकडे नाहीत.
• चीनचाच शिन फाय पायदळात सर्वांत बलवान, पण रणगाडे शून्य.
• जीएलएचा कसाद सैन्य लपवण्यात पटाईत, मात्र त्यालाही रणगाड्यांवाचून लढावं लागतं.

म्हणजे निर्मात्यांनी नुसती शस्त्रं वाढवली नाहीत. 'जे नाही त्याचं काय करायचं?' हा प्रश्न खेळाडूपुढे ठेवला. क्वाईला तोफा नाहीत, मग शत्रूचे बुरूज फोडायचे कसे? उत्तर प्रत्येकाने आपलं आपण शोधायचं. 'जनरल्स चॅलेंज' या नव्या भागात तुम्ही एक सेनापती निवडून इतरांशी एकेक करून लढता. प्रत्येक लढाईत शत्रूची ताकद वेगळी, त्यामुळे जुना डाव पुन्हा चालेलच असं नाही. एवढ्या वर्षांनंतरही लोक हा खेळ खेळतात, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. 2025 मध्ये तर कंपनीने या खेळाचा आणि पुरवणीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला.

खेळ जे मोजत नाही

आता दुसरी बाजू. मूळ खेळात अमेरिकेची पहिलीच मोहीम बगदाद शहरात घडते. खेळ आला फेब्रुवारीत. 20 मार्च 2003 रोजी खऱ्या बगदादवर खरे बॉम्ब पडू लागले. पुरवणी बाजारात आली तेव्हा इराकमध्ये परदेशी सैन्य होतं आणि माणसं मरतच होती.

खेळात अमेरिकेचा साधा सैनिक 225 डॉलरला मिळतो. मेला तर काही सेकंदांत दुसरा तयार. त्याला नाव नाही, घर नाही, वाट बघणारी आई नाही. उद्ध्वस्त झालेल्या शहरात नंतर पाणी कुठून येणार, शाळा कधी भरणार, हे खेळ विचारत नाही. जर्मनीत तर या खेळाला मुलांसाठी अयोग्य ठरवून निर्बंध घातले. मग तिथे माणसांऐवजी यंत्रमानव दाखवणारी वेगळी आवृत्ती काढावी लागली. अमेरिकेत खेळाला 'टीन' श्रेणी आहे, म्हणजे 13 वर्षांवरील मुलांसाठी. पालकांनी हे लक्षात ठेवावं.

मग खेळूच नये का? असं मी म्हणणार नाही. नियोजन, काटकसर, आपल्या उणिवेवर तोड काढणं, हे सगळं इथे शिकता येतं. पण इथला हिशोब फक्त पैशांचा आहे आणि युद्धाचा हिशोब तेवढाच नसतो, एवढं भान हवं.

करून पाहा : वहीत दोन रकाने आखा. युद्धात ज्या गोष्टींची किंमत खेळ दाखवतो त्या पहिल्या रकान्यात लिहा, दाखवत नाही त्या दुसऱ्यात. कोणता रकाना लांब झाला, यावर घरी नक्की बोला.