संकटापूर्वीची जयणा
पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांशी निगडित असलेले सर्वच अभियंते वीजनिर्मितीत गुंतलेले नसतात. जे कधीच घडू नये त्याची तयारी करणे, हे काहींचे काम असते. किरणोत्सर्ग बाहेर पडल्यास वारा तो कोणत्या गावांकडे नेईल, कोणी दारे-खिडक्या लावून घरातच थांबावे, कोणाला हलवावे, हे ते आधीच ठरवतात. किरणोत्सारी आयोडीन गवतावाटे गाईच्या दुधात उतरते आणि बालकांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. म्हणून दूध थांबवणे व पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या वेळेवर पोहोचवणे, हेही आराखड्यात येते.

मात्र स्थलांतर म्हणजे सुरक्षितता नव्हे. २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे घाईने हलवताना किंवा त्यानंतर लगेचच रुग्णालये व वृद्धाश्रमांतील सुमारे ५० जण दगावले. त्यांचा बळी किरणोत्सर्गाने नव्हे, तर उपचार व निगा तुटल्यामुळे गेला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी गाडी, परिचारिका आणि औषध यांची तजवीज आधीच झालेली नसेल, तर आराखडा कागदावरच राहतो.

पाऊल टाकण्यापूर्वी त्याखाली येणारा जीव पाहावा, यालाच आपल्याकडे जयणा म्हणतात. या अभियंत्यांचे काम तेच आहे.