मुका मार व त्याचा उपचार

महाड व पोलादपूर या तालुक्यांत पावसाळा म्हणजे घसरण्याचा ऋतु. अंगणांतील शेवाळलेली फरशी, विहिरीची ओली पायरी, सावित्रीचें पाणी ओसरल्यावर घरांत राहिलेला चिखल, वरंधा व आंबेनळी घाटांतील गाडीचे हिसके. यांपैकीं कशाचा ना कशाचा प्रसाद घरांतील एखाद्या माणसास मिळतोच. जुलै २०२१ मध्यें महाड शहरांत पुराचें पाणी शिरलें, त्यानंतर गाळ उपसणाऱ्यांस तर हा प्रसाद पदोपदीं मिळण्यासारखा होता. रक्त वाहिलें म्हणजे सारें घर धांवतें. पण कातडी न फुटतां लागलेल्या मारास आपण मुका मार म्हणतों, आणि तो मुका म्हणूनच त्याची विचारपूस होत नाहीं. पुढें पंधरा दिवस लोटले तरी डाग जात नाहीं, दुखणें थांबत नाहीं, तेव्हां घरची मंडळी चिंतेंत पडतात. त्या चिंतेचें निरसन करावें व जेथें चिंता खरोखरच योग्य आहे ती जागा दाखवावी, या हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आघातानें कातडीखालील बारीक रक्तवाहिन्या फुटतात व रक्त भोंवतालच्या मांसांत झिरपतें. ती जागा प्रथम तांबूस, एकदोन दिवसांत काळीनिळी, आठवड्याच्या सुमारास हिरवट, पुढें पिवळी व अखेर तपकिरी होते. सांडलेल्या रक्तांतील हिमोग्लोबिन मोडून आधीं हिरवें बिलिव्हर्डिन व मग पिवळें बिलिरुबिन तयार होतें. काविळींत अंग पिवळें करणारें द्रव्य तें हेंच. म्हणून हिरवा-पिवळा रंग पाहून मार चिघळला असें समजूं नये. ती बरें होण्याची खूण आहे. या सर्वांस साधारणतः दोन आठवडे लागतात; पायावरील डागास याहून अधिक. शिवाय सांडलेलें रक्त उताराकडे सरकतें. गुडघ्याखालीं लागलेल्या माराचा डाग चार दिवसांनीं घोट्यापाशीं दिसला, तर तेथें नवी इजा झाली असें नव्हे.

पहिल्या दोन दिवसांचा उपचार गारव्याचा. बर्फ फडक्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटें ठेवावा, व दिवसांतून तीन-चार वेळां असें करावें. बर्फ नसेल तेथें गार पाण्याची घडी चालते. हातपाय उशीवर उंच ठेवावा. या दोन दिवसांत शेक, गरम लेप व तेलाचें मालिश यांस फांटा द्यावा, कारण उष्णतेनें व चोळण्यानें रक्त अधिकच झिरपतें. आमच्या घरांतून आंबेहळद व तुरटीचा ऊन लेप घालण्याची चाल जुनी आहे. तो घालावयाचाच तर दोन दिवसांनंतर, व कातडी अखंड असेल तरच घालावा. सुजेच्या दुसऱ्या टप्प्यांत हलका शेक सुखावह होतो. मांडीच्या खोल माराला मात्र जोरानें चोळणें कधींच इष्ट नव्हे. त्यानें मांसांत हाडासारखा कठीण थर धरण्याचा धोका वाढतो.

इतकें करूनहि मार हटत नाहीं, तेव्हां कारण शोधावें. वार्धक्यांत कातडी पातळ होते व लहानशा धक्क्यानेंहि काळेनिळें होतें. हृदयविकारासाठीं ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वारफरिन घेणाऱ्यांचें रक्त थांबावयास वेळ लागतो. परंतु तीं औषधें आपल्या मनानें बंद करणें हें अधिक घातक, डॉक्टरांस विचारूनच काय तें करावें. यकृताचे विकार व रक्तांतील बिंबिकांची उणीव हींहि कारणें असतात. पावसाळ्यांत ताप येऊन मार न लागतांच अंगावर डाग उठले, तर डेंग्यूची शंका घेऊन रक्त तपासावें, व ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊं नये. डोक्यास मार लागून उलटी, झांपड किंवा नाका-कानांतून पाणी येऊं लागल्यास क्षणाचाहि विलंब नको.

कोंकणच्या वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं धरावी. गवतांत काम करतांना पायाला कांहीं टोंचलें, काटा असावा म्हणून सोडून दिलें, आणि तासाभरांत तेथें सूज व काळेपणा आला, तर तो मुका मार नसून फुरशाचा दंश असूं शकेल. या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति जाते. हिरड्यांतून वा लघवींतून रक्त येऊं लागतें. रुग्णालयांत थोडें रक्त कोरड्या स्वच्छ काचनळींत वीस मिनिटें न हलवितां ठेवून पाहतात. न गोठल्यास प्रतिविष देतात. दोरी आवळणें, चिरा पाडणें, लेप घालीत बसणें यांत मोलाचा वेळ जातो. याच महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं पुढें विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग करून असंख्य प्राण वांचविले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. खेड्यांतील रोग्याकडे बारकाईनें पाहिल्यानें केवढें कार्य होतें, याचा हा दाखला आपल्या दाराशींच आहे.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. घरांतील सुनेच्या, मुलाच्या किंवा परावलंबी वृद्धाच्या अंगावर वारंवार नवे डाग दिसत असतील, आणि प्रत्येक वेळीं पडल्याचेंच कारण पुढें येत असेल, तर लेपाची वाटी बाजूस ठेवून त्या माणसास एकांतांत, धीर देऊन विचारावें. घरगुती हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे. परंतु त्याच्याहि आधीं घरांतील एका वडिलधाऱ्या माणसाची विचारपूस लागते. एरव्ही जो मार तीन आठवडे लोटूनहि ओसरत नाहीं, ज्याची गांठ कठीण होत जाते, किंवा ज्यानें पाय टेकवत नाहीं, तो घरांत ठेवूं नये. जवळच्या रुग्णालयांत जाऊन दाखवावा, हेंच श्रेयस्कर.