चाळिशीनंतरची बाई आणि वेचणीचे शेत
(लेखांक सातवा)

पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वेग घेते, हे मागील लेखांकात पाहिले. परंतु त्यावर शहरातील वैद्यक जे उपाय सुचविते, म्हणजे भरपूर चाला, ऊन घ्या, पाणी प्या, ते विदर्भातील आर्णी तालुक्यात, जेथे दसऱ्यापासून पुढे कापूसवेचणीची मजुरी किलोच्या भावाने मिळते आणि बायांचा अवघा दिवस वाकून सरतो, तेथे कसे लागू करावयाचे?

उन्हाचेच पाहा. दिवसभर उन्हात असूनही या बाईला ड जीवनसत्त्व पुरेसे मिळतेच असे नाही. कारण कापसाच्या बोंडांच्या ओरखड्यांपासून आणि तापापासून बचाव व्हावा म्हणून ती लुगड्यावर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढविते, तोंडाला दुपट्टा गुंडाळते, आणि ऊन त्वचेपर्यंत पोचते ते तळहाताएवढ्या जागेवर. पाण्याची कथा अधिक कष्टदायक आहे. शेतात आडोसा नसल्याने पाणी कमी पिण्याची सवय तिला तरुणपणीच जडते. पाळी गेल्यावर मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होऊन जंतुसंसर्ग सुलभ होतो, आणि तीच सवय आता जळजळ व ताप होऊन अंगावर येते. वैशाखात अंगाची एकाएकी लाहीलाही झाली, तर ती ऊन बाधले म्हणून कांदा हुंगते. रजोनिवृत्तीचा झोत कोणता आणि विदर्भाचा उन्हाळा कोणता, याचा निवाडा करण्यास तिला कोणी शिकविलेले नसते.

आता ताटाकडे वळू. एकेकाळी या मुलखात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे नित्याचे अन्न होते. कापूस-सोयाबीनच्या पेऱ्यापुढे ज्वारी मागे हटली, रास्त भावाच्या दुकानातून गहू-तांदूळ घरात आले, आणि सोयाबीन मात्र, ज्यातील प्रथिने या घराला हवी होती, पोत्यांतून थेट बाजार समितीत जाऊ लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज 1000 आणि पाळी थांबल्यावर 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे; पेलाभर दुधातून त्यातले अडीचशेच्या आसपास मिळते, पण घरातले दूध चहात आणि लेकरांत खपते. लोहाची स्थितीही अशीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यात चाळिशीत पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढला, तर लोह आणखी घटते, आणि जेवणावर चहा घेतला गेला, तर अन्नातले लोह अंगी लागण्यास अटकाव होतो.

जेवणानंतर तासभर चहा टाळणे, वरणावर लिंबू पिळणे, भाकरीबरोबर तीळ-जवसाची चटणी घेणे, हे बिनखर्चाचे आहे. माझ्या मते मात्र खरी अडचण चटणीची नसून पंगतीच्या क्रमाची आहे. सर्वांची ताटे उचलल्यावर जी बसते तिच्या वाट्याला वरणाचे पाणीच उरते, आणि हा क्रम सासूने सुनेला बदलून दिल्याखेरीज कोणत्याही दवाखान्याच्या चिठ्ठीवर तो बदलत नाही.

पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते वयाचे म्हणून सोडून न देता तत्काळ दाखवावे. रक्तदाब व मधुमेह यांचा विचार पुढील लेखांकात करू.