महागडी रायफल आणि नेमबाजाची कामगिरी : किमतीच्या समर्थनीयतेचा विचार

प्रस्तावना :
ऑक्टोबर 2022 मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 10 मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकाविले. अशा यशाने प्रेरित झालेल्या पाल्यास नेमबाजीकडे पाठविताना भिवंडीजवळील शेलारसारख्या यंत्रमाग परिसरातील पालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो किमतीचा. स्पर्धेच्या दर्जाच्या परदेशी रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. ही किंमत कितपत समर्थनीय आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रायफलीचे स्वरूप :
महागड्या रायफलींची चर्चा बहुधा अर्धस्वयंचलित शस्त्रांसंदर्भात होते. अशा रायफलीत प्रत्येक गोळीनंतर पुढील काडतूस आपोआप भरले जाते. तेथे वेगालाही मोल असते. भारतात अशा रायफली निर्बंधित गटात मोडतात. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर प्रत्येक वेळी एकच गोळी हाताने भरावी लागते. म्हणजे येथील किंमत वेगाची नसून अचूकतेची आहे. 4.5 मि.मी. नळीच्या व 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीस शस्त्र नियम 2016 नुसार परवाना लागत नाही. त्यामुळे नवोदितांची सुरुवात बहुधा याच प्रकारापासून होते.

किंमत कशाची?
चांगल्या एअर रायफलीत सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा नियंत्रकातून ठरावीक प्रमाणात सोडली जाते, म्हणून प्रत्येक छर्ऱ्याचा वेग जवळजवळ सारखा राहतो. नळी सूक्ष्म मापांत घडविलेली असते. चापाचा ताण आणि दस्त्याची लांबी, गालटेकू व खांदापट्टी नेमबाजाच्या शरीरानुसार जुळविता येतात. थोडक्यात, किंमत ही सातत्याची असते. ग्राहक मर्यादित आणि माल आयात केलेला, यामुळे ती आणखी वाढते.

गुणांचे गणित :
10 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा 0.5 मि.मी. असतो. छर्ऱ्याची कड त्यास स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे केंद्रापासून 2.5 मि.मी.पर्यंतची चूक चालते. त्याच्या आत प्रत्येक 0.25 मि.मी.स 0.1 गुणाचा फरक पडतो. समजा, साध्या रायफलीचा स्वतःचा दोष 1 मि.मी. आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या चुका वर्गांच्या बेरजेने एकत्र येतात. नवोदिताची चूक 20 मि.मी. असेल, तर एकूण चूक 20.02 मि.मी. होते, रायफलीचा दोष जाणवतही नाही. निष्णात नेमबाजाची चूक 2 मि.मी. असेल, तर ती 2.24 मि.मी. होते. ढोबळमानाने प्रत्येक छर्ऱ्यामागे 0.1 आणि 60 छर्ऱ्यांत सुमारे 6 गुण जातात. अंतिम फेरीतील स्थान दशांश गुणांवर ठरत असताना हा तोटा परवडणारा नाही.

व्यवहार्य मार्ग :
यावरून खर्चाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम मार्गदर्शन व नियमित सराव, त्यानंतर चांगले छर्रे आणि अंगास बसणारे जाकीट, व शेवटी स्वतःची रायफल. तोपर्यंत प्रशिक्षण केंद्राची सामायिक रायफल पुरेशी ठरते. वापरलेली रायफल घेताना सिलिंडरवरील मुदत अवश्य तपासावी. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

निष्कर्ष :
महागडी रायफल नेमबाज घडवीत नाही. घडलेल्या नेमबाजाच्या गुणांस ती गळती लागू देत नाही. म्हणून तिची किंमत सुरुवातीस असमर्थनीय, तर उच्च स्तरावर समर्थनीय ठरते. महाविद्यालये व स्थानिक संस्थांनी काही दर्जेदार रायफली सामायिक वापरासाठी उपलब्ध केल्यास कारागिराच्या घरातील गुणवत्ता केवळ किमतीपायी मागे राहणार नाही.