कस्टम १९११ घेताय? चकाकी नंतर, फिटिंग आधी

अमेरिकेत १९११ धाटणीचं कस्टम पिस्तूल घेणाऱ्यांना दोन शंका हमखास येतात. नवं असेल तर ‘इतकं घट्ट का?’ आणि वापरलेलं असेल तर ‘किती झिजलंय?’

जॉन ब्राउनिंगच्या या रचनेत बॅरलवरचे दात स्लाइडमधल्या खाचांत अडकतात. कस्टम कारागीर हे भाग हातानं घासून घट्ट जुळवतो. म्हणून नवं पिस्तूल सुरुवातीला अडखळू शकतं. नीट तेल आणि काहीशे गोळ्यांनंतर ते मोकळं होतं.

वापरलेलं पाहताना आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा. मग:

▪ स्लाइड बंद ठेवून बॅरलचा मागचा भाग अंगठ्यानं दाबा. खाली दबला तर लॉकअप (बॅरल-स्लाइडची पकड) सैल.
▪ बॅरलच्या दातांच्या कडा गोल किंवा चेपलेल्या नकोत.
▪ स्लाइड-फ्रेममधली किंचित हालचाल चालते. अचूकता मुख्यतः बॅरल दर वेळी त्याच जागी बसण्यावर ठरते.
▪ विक्रेत्याला विचारून: हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर ओढून सोडा, सेफ्टी काढा. हॅमर जरासा जरी हलला, तरी आधी गनस्मिथला दाखवा.

ओरखडे किरकोळ, रिकॉइल स्प्रिंग स्वस्तात बदलते. पण झिजलेलं बॅरल नव्यानं बसवून घेणं चांगलंच महागात पडतं. भाव ठरवताना हे धरा.