विचारण्याचे भय

पोलादपूर तालुक्यातील कुडपणासारख्या सह्याद्रीच्या कुशीतील गावात एखाद्या किशोराचे मन विषण्णतेने कोंडले, तर मानसोपचारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर सापडणे दुरापास्त. म्हणूनच वडीलधाऱ्यांनी व गुरुजींनी काय करावे, हा प्रश्न तेथे केवळ ग्रंथगत राहत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजतो, हा समज सार्वत्रिक असला तरी संशोधनाने त्यास दुजोरा मिळत नाही; उलट शांतपणे विचारल्याने पुष्कळदा भार हलका होतो.

दहा युरोपीय राष्ट्रांतील 168 शाळांमधल्या सुमारे 11,000 विद्यार्थ्यांवर झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जेथे मुलांनी स्वतःच चर्चा व नाट्यप्रवेश यांतून ताण, नैराश्य आणि मदत मागणे हे विषय हाताळले, तेथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न तुलनागटाच्या जवळजवळ निम्मेच आढळले. केवळ शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा उपाय मात्र तसा फळला नाही, हे आमच्या प्रशिक्षणप्रिय खात्यांनी ध्यानी घ्यावे.

दुसरा उपाय रुक्ष, पण परिणामकारक. आवेग बहुधा अल्पकालीन असतो, म्हणून त्या घटकेस घातक साधन हाताशी नसणे हेच जीव वाचवते. दक्षिण कोरियाने 2012 मध्ये एका अतिविषारी तणनाशकाच्या विक्रीवर बंदीचा अंमल सुरू केला, आणि शेतीतील विषारी रसायनांनी होणाऱ्या आत्महत्या तेथे लक्षणीय घटल्या.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून, शिक्षेऐवजी शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आधाराची निःशुल्क दूरध्वनिसेवा अहोरात्र, मराठीतूनही, उपलब्ध आहे.