कोणत्या देवाची शपथ?

डोळ्यांवर पट्टी. गळ्यात दोराचा सैल फास. खिशातली नाणी, घड्याळ, अंगठी काढून घेतलेली. एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. अशा अवतारात एक भला माणूस, डॉक्टर असेल, बँकेतला साहेब असेल, बंद दाराआड धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. त्याआधी त्याला विचारतात: संकटात तुझा भरवसा कोणावर? तो म्हणतो, देवावर. कोणत्या देवावर, हे मात्र कोणीच विचारत नाही.

या न विचारलेल्या प्रश्नाने जवळजवळ तीनशे वर्षं चर्चची झोप उडवली आहे.

हा विधी फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाच्या लॉजमधला. (एसटी स्टँडसमोरचं लॉज नव्हे, मेसन मंडळी आपल्या शाखेला लॉज म्हणतात.) लंडनच्या दारूगुत्त्यांत जमणाऱ्या चार लॉजनी १७१७ मध्ये एकत्र येऊन ग्रँड लॉज काढलं, असं परंपरा सांगते. १७२३ मध्ये त्याची नियमावली छापून आली. ती कोणी लिहिली? जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश पाद्रीबाबाने! रविवारी चर्चमध्ये उभं राहून ख्रिस्ताच्या नावाने प्रवचन देणारा हा प्रेस्बिटेरियन माणूस. त्याने नियम काय घातला? सगळ्या माणसांचं ज्यावर एकमत होतं तेवढाच धर्म लॉजमध्ये चालेल. बाकीची मतं ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावीत. लॉजमध्ये धर्मावरून वाद नाही आणि राजकारणावरून तर नाहीच. देवाला नावही कसं सुटसुटीत: विश्वाचा महान शिल्पकार.

त्या काळात हे किती धाडसाचं होतं, याचा अंदाज येतो का? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. आणि इथे दोघे एका टेबलावर बसून बिअर पीत होते.

रोमला नेमकं हेच खटकलं. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी फर्मान काढलं: कोणाही कॅथलिकाने लॉजमध्ये पाऊल टाकू नये, टाकलं तर तो चर्चबाहेर. कारणं दोन सांगितली. वेगवेगळ्या पंथांची माणसं तिथे एकत्र येतात, आणि गुप्ततेची शपथ घेतात. वाईट काही करत नसते तर त्यांना उजेडाचा एवढा तिटकारा का असता, असा सवालही विचारला. पुढे मात्र लिहिलं, आम्हाला ठाऊक असलेली आणखीही काही न्याय्य कारणं आहेत. ती कोणती, ते सांगितलंच नाही. गुप्ततेविरुद्धच्या फर्मानातच एक गुपित!

फर्मानाचा परिणाम काय झाला? तुम्ही कुठे राहता यावर ते अवलंबून होतं. लिस्बनमध्ये जॉन कूस्तोस हा जवाहिऱ्या १७४३ मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, हाती सापडला. तीच पोर्तुगीज इन्क्विझिशन, जिची एक कचेरी आपल्या गोव्यात होती. त्याचे हातपाय ताणून छळ केला, गल्बतावर सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. इंग्लंडच्या सरकारने मध्ये पडून त्याला सोडवलं. पण कॅथलिकच असलेल्या व्हिएन्नात ते फर्मान जाहीरच केलं गेलं नाही. सम्राज्ञी मारिया तेरेसा कट्टर कॅथलिक, आणि तिचे यजमान स्वतः मेसन! १७८४ च्या डिसेंबरात त्याच शहरातल्या लॉजमध्ये एक कॅथलिक संगीतकार दाखल झाला. नाव मोझार्ट. त्याच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातल्या अग्निपरीक्षा नि मंदिरं सरळ लॉजमधून आलेली आहेत.

आता मुंबईत येऊ. इथे त्या नाव नसलेल्या देवाने जे केलं त्याचा अँडरसनने स्वप्नातही विचार केला नसेल. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या इंग्रज लॉजने दार उघडलं नाही. (मुंबईच्या फोर्टातली अलेक्झांड्रा मुलींची शाळा काढली ती यांनीच.) ते थेट पॅरिसला गेले आणि तिथे मेसन होऊन परत आले. आता त्यांना नाही कसं म्हणणार? तेव्हा जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, खास इथल्या लोकांना घेता यावं म्हणून. पारशाने बायबलावर हात ठेवून शपथ घेतली तर तिला काय अर्थ? ज्याची जी पोथी, तीच त्याच्या शपथेला हवी. आज ग्रँड लॉज ऑफ इंडिया गीता, कुराण, बायबल, झेंद अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब असे पाच ग्रंथ मानतं. या मुंबईतच जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. तेव्हा त्याचं वय नियमापेक्षा कमी होतं, पण लॉजला चिटणीस हवा होता! हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू यांच्या मांडीला मांडी लावून बसण्याचं ते अप्रूप त्याला जन्मभर पुरलं. बाहेर क्लबच्या दारावर ‘नेटिवां’ना मज्जाव होता, हे लक्षात घ्या.

सगळीकडे असं गोड झालं नाही. बंगालात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळायला १८७२ उजाडलं. हरकत काय होती? हिंदूंना देव अनेक. मग एका परमेश्वराची शपथ त्यांना बांधील कशी? म्हणजे बघा, रोमला देव फारच मोघम वाटत होता आणि कलकत्त्याच्या साहेबांना अर्जदाराचे देव फार.

तिकडे युरोपात प्रकरण तापत होतं. इटलीत पोपचं राज्य बुडवणाऱ्यांत मेसन पुढे होते. १८८४ मध्ये तेरावे लिओ यांनी मेसनांविरुद्ध एक मोठं परिपत्रक काढलं. आणि या आगीवर तेल ओतायला एक अफलातून भामटा पुढे आला: लिओ ताक्सिल. मार्सेयचा हा माणूस आधी पाद्र्यांची टर उडवणारी पुस्तकं विकायचा. १८८५ मध्ये त्याने पश्चात्ताप झाल्याचं जाहीर केलं आणि मेसनांची ‘आतली’ भानगड छापायला घेतली. लॉजच्या तळघरात सैतानाची पूजा होते, एका बैठकीत सैतान मगरीच्या रूपात येऊन पियानो वाजवून गेला, असला मजकूर त्याच्या गोटातून निघू लागला. लोकांनी विश्वास ठेवला? ठेवला! १८८७ मध्ये खुद्द पोपनी त्याला भेट दिली. मग त्याने डायना व्हॉन नावाची एक सैतानपूजक बाई उभी केली. ती पुढे ख्रिस्ताला शरण जाते, आठवणी लिहिते. बाईला कोणी पाहिलेलं नाही, पण तिच्यासाठी कॉन्व्हेंटांतून प्रार्थना चालू.

अशाच एका कॉन्व्हेंटात, नॉर्मंडीतल्या लिझ्यूला, एक तरुण जोगीण होती. तिने डायनावरून सुचलेलं, कॉन्व्हेंटात करायचं छोटं नाटुकलं लिहिलं, आणि जोन ऑफ आर्कच्या वेशातला आपला फोटो डायनाला पाठवला. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या सभागृहात ताक्सिलने मोठी सभा भरवली. आज डायना दिसणार म्हणून गर्दी. पडद्यावर जोन ऑफ आर्कचा तो फोटो झळकला. ताक्सिल उभा राहिला आणि म्हणाला, डायना बियाना कोणी नाही; गेली बारा वर्षं मी तुम्हाला बनवत होतो. जोगिणीने डायनाकडून आलेलं पत्र फाडून खताच्या ढिगात टाकलं. पाच महिन्यांनी क्षयाने ती गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. तीच पुढे जगभर पूजली जाणारी संत तेरेजा. आपल्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते तिचंच.

गंमत अशी की ताक्सिलने स्वतः कबुली देऊनही मगरीच्या जातीच्या गोष्टी अजून फिरतात. आता व्हॉट्सॲपवर.

पण सामान्य कॅथलिक माणूस लॉजकडे जात तरी का होता? सैतानासाठी नक्कीच नाही. अमेरिकेत कारखान्यातला आयरिश कामगार मेला की दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. बंधुसंघांत वर्गणी भरली की मागे राहिलेल्या विधवेला पैसे मिळत. म्हटलं तर मरणावर लावलेली भिशीच. न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमधले तरुण पाद्री मायकेल मॅकगिव्हनी यांनी हे ओळखलं. रागावून उपयोग नाही, पर्याय द्यायला हवा! १८८२ मध्ये चर्चच्या तळघरात त्यांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ काढलं. त्यात दर्जे आले, पोशाख आले, गुप्त दीक्षाविधी आले, विमाही आला. लॉजचा सगळा थाट, फक्त देव नावानिशी आणि गाभाऱ्यात पाद्री. मॅकगिव्हनी ३८ व्या वर्षी वारले. २०२० मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केलं.

रोटरी तर त्याहून निरुपद्रवी. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत सुरू केलेला व्यावसायिकांचा क्लब: ना शपथ, ना पट्टी, जेवण आणि भाषण. तरी १९५० च्या डिसेंबरात रोमने पाद्र्यांना रोटरीचं सभासदत्व मना केलं आणि सामान्य भाविकांना सांभाळून राहायला सांगितलं. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकलं. रोटरीच्या बैठकांत म्हणतात ती चार प्रश्नांची कसोटी हर्बर्ट टेलर या श्रद्धाळू मेथडिस्ट उद्योजकाने १९३२ मध्ये लिहिली. हे खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, वगैरे. त्याने प्रार्थना करून लिहिलेल्या त्या ओळींत देवाचं नावसुद्धा नाही! पुण्यातला रोटेरियन त्या बिनदिक्कत म्हणतो.

प्रोटेस्टंटांचं एकमत कधीच झालं नाही. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या डोक्यावर मुकुट ठेवणारे आर्चबिशप जेफ्री फिशर स्वतः मेसन होते. १९८७ मध्ये त्यांच्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे, आलेल्या अहवालाने चर्च आणि लॉज या दोन निष्ठांच्या मेळाबद्दल गंभीर शंका घेतल्या. ज्या प्रार्थनेतून ख्रिस्ताचं नाव मुद्दाम गाळलं, ती ख्रिस्ती माणसाने म्हणावी का? मला हा आक्षेप सैतानाच्या साऱ्या कथांपेक्षा वजनदार वाटतो. इतरांना सामावून घेण्यासाठी गाळलेलं नाव हे श्रद्धावानाला कोपऱ्यातली अडगळ नसतं, ते त्याचं सगळं घर असतं.

फिलिपिन्समधल्या दुमागुएतेच्या बिशपांनी रोमला विचारलं: आमच्याकडे कॅथलिक मेसन वाढत चाललेत, त्यांना यात काही वावगंही वाटत नाही, काय करू? २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तर आलं की बंदी कायम आहे, गावोगावच्या चर्चमधून लोकांना नीट समजावून सांगा. त्या उत्तराला मंजुरी देऊन सही करणारे पोप फ्रान्सिस ब्वेनोस आइरेसचे आर्चबिशप असताना तिथल्या रोटरी क्लबचे मानद सदस्य होते, आणि २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या चौकात त्यांनी हजारो रोटेरियनांचं स्वागतही केलं होतं. रोटरीत कोणी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती, की कोणत्याही देवाची शपथ मागितली नव्हती.